दोन दिवसांत मुंबई: गाडी बुक करण्याआधी यादीबद्दल थोडं

भाडं ठरतं, तारीख ठरते आणि फोन ठेवता ठेवता एक प्रश्न हमखास येतो: "दोन दिवसांत सगळं होईल ना?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून हा कागद. ग्रुपमधल्या सगळ्यांनी वाचावा. यादी एकटा जण पाठवत असला तरी ती सगळ्यांनी मिळून केलेली असते, आणि गडबड तिथेच होते.

गेट वे, राणीची बाग, जुहू ही नावं तुम्हाला नवी नाहीत. लहानपणी शाळेच्या सहलीला बहुतेक जण येऊन गेलेले असतात. त्यामुळे काय पाहावं हे आम्ही सांगत बसत नाही. ते कोणत्या क्रमाने पाहावं, एवढंच सांगतो.

ग्रुपवर प्रत्येकाला दोन-दोन ठिकाणं विचारली जातात. नऊ जण असले की अठरा ठिकाणं होतात. कुणालाही नाराज करायचं नसतं, म्हणून अठराच्या अठरा आमच्याकडे येतात, आणि तीही ज्या क्रमाने मेसेज पडले त्या क्रमाने. घारापुरीनंतर कान्हेरी, कान्हेरीनंतर मरीन ड्राइव्ह, मरीन ड्राइव्हनंतर जुहू. मुंबई ही दक्षिणोत्तर लांब, चिंचोळी पट्टी आहे. त्या यादीप्रमाणे निघालं की गाडी दिवसभर या टोकाहून त्या टोकाला फिरत राहते आणि तुम्ही दोन दिवस पुढच्या गाडीचा नंबर वाचत बसता.

दुसरी गोष्ट वेळेची. कान्हेरीची लेणी ज्यात आहेत ते बोरिवलीचं नॅशनल पार्क गेट वेहून पस्तीसेक किलोमीटर आहे. गावाकडे पस्तीस किलोमीटर म्हणजे पाऊण तास, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला असतो. त्यात यादी करताना रात्री अकरा वाजता मोबाइलवर नकाशा बघितलेला असतो आणि तोही साधारण तेवढाच वेळ दाखवतो. शनिवारी दुपारी त्याच रस्त्याला दोन तास लागतात, संध्याकाळी परतताना त्याहून जास्त. नकाशा बघायचाच असेल तर आधीच्या शनिवारी, जितक्या वाजता निघणार असाल नेमक्या तितक्या वाजता बघा.

गेल्या हिवाळ्यात सांगलीकडचे नऊ जण आले होते. शाळेतले वर्गमित्र, पंचवीस वर्षांनी एकत्र. त्यातला एक खास या दोन दिवसांसाठी दुबईहून आला होता. यादी वर सांगितली तशीच. आम्ही फोनवर एकदा नको म्हणून पाहिलं, पण त्यांचा उत्साह बघून गप्प बसलो. ती चूक आमची. सकाळी गेट वे झालं, साडेअकराला फोर्टमधून गाडी निघाली, कान्हेरीला पोहोचेपर्यंत दोन वाजले. सूर्यास्त मरीन ड्राइव्हला बघायचा म्हणून लेण्यांमध्ये अर्ध्या तासात सगळ्यांना हाकारून परत फिरवलं. सूर्य मावळला तेव्हा गाडी वांद्र्याच्या कलानगर सिग्नलला उभी होती. समोरच्या पाण्याच्या टँकरच्या मागच्या पत्र्यावर केशरी उजेड पडला होता, त्या नऊ जणांना तेवढाच सूर्यास्त दिसला. त्या दिवसाचे आठाऐवजी अकरा तास भरले, त्यातले साडेसहा गाडीत गेले. जादा तासांचे पैसे त्यांनी एका शब्दाने न कुरकुरता दिले, पण ते घेताना आम्हाला बरं वाटलं नाही. तेव्हापासून यादी बघितल्याशिवाय आम्ही बुकिंग पक्कं करत नाही.

"आता कोस्टल रोड झालाय की," असं हल्ली बरेच जण म्हणतात. खरं आहे. २०२४ पासून मरीन ड्राइव्हहून मलबार हिलच्या पोटातल्या दोन किलोमीटरच्या बोगद्यातून वरळी आणि तिथून थेट सी-लिंकवर चढता येतं. वांद्र्यापर्यंतचा प्रवास इतका सुधारला की आम्ही स्वतः रविवारचा सगळा कार्यक्रम नव्याने आखला. पण वांद्र्याच्या पुढे पार्ले, अंधेरी, बोरिवलीकडे जाणारा हायवे पूर्वी होता तसाच भरलेला असतो. म्हणून आमचा नियम साधा आहे: दोन दिवसांच्या सहलीत वांद्र्याच्या वर जायचं नाही. कान्हेरी, गोराईचा पॅगोडा, जुहू हा तिसरा दिवस. तो वेगळा करा आणि त्याला गाडीसुद्धा घेऊ नका. चर्चगेटहून फास्ट लोकल तासाभराच्या आत बोरिवलीला पोहोचवते. लेण्यांचा फारच ओढा असेल तर घारापुरी किंवा कान्हेरी यांतलं एक निवडा, दोन्हीला न्याय देता येत नाही.

शनिवार आम्ही दक्षिण टोकाला ठेवतो. सकाळी नऊच्या सुमाराला गेट वेहून घारापुरीच्या बोटी सुरू होतात. जायला तास, यायला तास, धक्क्यापासून वर शे-सव्वाशे पायऱ्या आणि लेण्यांना किमान दीड तास, असा अर्धा दिवस धरा. लेण्यात शिरल्या शिरल्या फोटो काढू नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मग तो वीस फुटी सदाशिव हळूहळू पुढे येतो. मधला शांत चेहरा आधी दिसतो, उजव्या-डाव्या बाजूचे चेहरे मागाहून उमटतात. अर्धा तास फक्त तिथे घालवा. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे रविवार-सोमवार जोडून येणाऱ्यांनी घारापुरी रविवारीच उरकावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी सुटत नाहीत, तेव्हा आम्ही तो अर्धा दिवस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला देतो. बोटीत लाइफ जॅकेट घाला आणि शेवटपर्यंत अंगावर ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर प्रवासी बोट बुडून माणसं गेली. फोटोत जॅकेट चांगलं दिसत नाही म्हणून ते मांडीवर घेऊन बसलेले लोक आम्ही अजूनही पाहतो. कृपा करून तसं करू नका.

परत आल्यावर दुपारपासून पायी. इथे आमच्याबद्दल नेहमी तक्रार होते: गाडीचे पैसे भरलेत आणि हे आम्हाला चालवतात. कारण असं की गेट वेसमोर गाडी उभी करता येत नाही, काळा घोडा भागात पार्किंग मिळायला अर्धा तास जातो, आणि बघायची ठिकाणं एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. ड्रायव्हर पार्किंग शोधत गोल गोल फिरतो तेव्हा तास तुमचेच मोजले जातात. म्हणून गाडी एका जागी लावतो आणि आमचा माणूस तुमच्याबरोबर चालतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

गेट वेच्या दगडावर १९११ हे साल कोरलेलं आहे, पण ते इंग्लंडचे राजा-राणी आले त्याचं. तेव्हा पुठ्ठ्याची तात्पुरती कमान उभी होती, ही दगडी कमान १९२४ मध्ये पुरी झाली. १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून निघून गेली. तिथून वस्तुसंग्रहालय, मग हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं स्मारक आहे, तिथे दोन मिनिटं थांबल्याशिवाय आमचा माणूस पुढे जात नाही. मग ओव्हल मैदान. आम्हाला विचाराल तर सगळ्या दिवसातली सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं इथली, आणि ती फुकट आहेत. मैदानाच्या मध्यावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. हायकोर्ट, विद्यापीठ आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं दगडी काम. आता जागेवरच मागे वळा. चर्चगेटच्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या, सज्जांच्या, साठेक वर्षांनंतर बांधलेल्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे. मधे फक्त क्रिकेट खेळणारी पोरं. २०१८ मध्ये या दोन्ही रांगा मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. मैदानातून पश्चिमेला दहा मिनिटं चाललं की मरीन ड्राइव्हचा कठडा. साडेपाचला तिथे बसा. सांगलीकरांचा हुकलेला सूर्यास्त तुमचा हुकणार नाही.

रविवारी सकाळी लवकर सिद्धिविनायक, मग वांद्रे, तिथून सी-लिंकने परत वरळी, हाजी अली, महालक्ष्मी, म्हातारीचा बूट आणि गिरगाव चौपाटी. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, त्यामुळे तिथली वेळ आम्ही भरती-ओहोटी बघून आदल्या रात्री कळवतो. ती पुढे-मागे करण्याचा आग्रह धरू नका. सी-लिंकवर "एक मिनिट थांबवा, फोटो काढतो" हाही आग्रह नको. तिथे आणि कोस्टल रोडवर गाडी थांबवायला मनाई आहे, दंड ड्रायव्हरच्या नावावर येतो. पुलाचा फोटो हवा असेल तर वांद्र्याच्या किल्ल्यावरून काढा. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेल्या त्या तटावरून अख्खा पूल दिसतो, आणि आम्ही तिथे थांबतोच. नटांच्या बंगल्यांबद्दल: वाटेत असेल तो दाखवतो, पण बंद फाटकासमोर तासभर उभं राहायला गाडी थांबवत नाही.

आता पैशांचं. मुंबई महाग आहे, पण ती बघण्यासाठी महाग नाही. ओव्हल, मरीन ड्राइव्ह, वांद्र्याचा किल्ला, चौपाटी यांना तिकीट नाही. पैसे जातात ते राहण्यात आणि रस्त्यात. स्वस्त पडतं म्हणून पनवेलला किंवा मीरा रोडला खोली घेतात आणि वाचलेले पैसे जादा तासांत आम्हाला देतात. दादर ते सीएसएमटी या पट्ट्यात राहा, खोली साधी चालेल. डोंबिवलीला मित्राकडे उतरणार असाल तर उत्तम, पण सकाळी लोकलने दादरला या. गाडी डोंबिवलीला बोलावली तर दिवसाचे किलोमीटर तिथेच संपतात, कारण आमचं भाडं ८ तास, ८० किलोमीटर असं आहे आणि ते गॅरेज ते गॅरेज मोजलं जातं. वडाळ्याच्या आमच्या गॅरेजमधून गाडी निघाली की घड्याळ सुरू. त्यावरून बरेच वाद झालेत. ही पद्धत आम्ही काढलेली नाही, धंद्यात अशीच मोजणी चालते. फक्त आम्ही ती आधी सांगतो आणि निघतानाच्या किलोमीटर रीडिंगचा फोटो तुमच्या ग्रुपवर टाकतो. टोल आणि पार्किंग पावतीप्रमाणे वेगळं.

चार जण असाल तर आमची गाडी घेऊ नका. वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही, पण काळी-पिवळी टॅक्सी मीटरने जाते, आणि २०२५ पासून आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण झाली आहे. सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही स्टेशनं तिच्यावरच आहेत. चौघांचा खर्च आमच्या भाड्याच्या निम्म्यावर येईल. रविवारी लोकलने फिरणार असाल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल कुठे बंद आहे ते, शनिवारीच बघून ठेवा. आठच्या पुढे माणसं झाली की मात्र दोन-तीन टॅक्स्या, हुकलेली माणसं आणि "कुठे आहात" हे फोन सुरू होतात. तेव्हा १३ किंवा १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर परवडते आणि गप्पाही तुटत नाहीत. बहुतेक जण त्या गप्पांसाठीच आलेले असतात.

यादी गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. प्रत्येकाची दोन ठिकाणं नकोत, सगळ्यांची मिळून आठ चालतील. त्यांचा क्रम आम्ही लावून पाठवतो, तेवढा बदलू नका. ॲडव्हान्स एकाच खात्यावरून यावा, तुमच्यातला हिशेब तुम्ही मागाहून करा.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरणाऱ्यांनी गाडीकडे यायची घाई करू नये. सामान एका मित्राजवळ ठेवून लोकलच्या तिकीट खिडक्यांच्या दालनात जाऊन या. त्याला स्टार चेंबर म्हणतात. मान वर करून छत बघा, निळ्यावर सोनेरी तारे आहेत. रोज तिथून लाखो लोक जातात आणि वर कुणाची नजर जात नाही. मग १८ नंबर फलाटाच्या बाजूने, पी. डिमेलो रोडकडे बाहेर पडा. सबवेत उतरू नका, त्या बाजूला गाडी थांबू शकत नाही. ड्रायव्हर डिमेलो रोडलाच उभा असेल.