खुशामत म्हणजे 'खूश करणारं मत' नव्हे

दापोलीकडच्या ओटीवर हा अर्थ हमखास ऐकवतात: समोरचा खूश होईल असं मत दिलं की झाली खुशामत. ऐकायला गोड, पण चूक. शब्द फारसी, 'खुश आमद'. आमद म्हणजे येणं, आमदनीतही तेच. म्हणजे मुळात नुसतं 'या, बसा, बरं झालं आलात'. हिंदीत अजून खुशामदच म्हणतात. मराठीत 'द'चा 'त' झाला आणि लोकांना शेवटी 'मत' दिसू लागलं, घोटाळा तिथेच. संस्कृत 'मत' इथे नाहीच.

आणि स्वागताची हांजी हांजी कशी झाली म्हणता? सातबाऱ्याचं काम अडलं की तलाठीभाऊंना आपण आधी शहाळं फोडतोच की!