सँक्टम (व्हिडिओ गेम)

सँक्टम हा स्वीडनमधील कॉफी स्टेन स्टुडिओज या कंपनीने तयार केलेला विज्ञानकथात्मक व्हिडिओ गेम. १५ एप्रिल २०११ रोजी तो विंडोज संगणकांसाठी स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर उपलब्ध झाला. पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा नेमबाजीचा खेळ, म्हणजे फर्स्ट पर्सन शूटर, आणि शत्रूच्या वाटेवर आपोआप मारा करणारे टॉवर उभारून त्याला रोखण्याचा टॉवर डिफेन्स, अशा दोन प्रकारांचा यात मेळ आहे. पुढचा भाग, सँक्टम २, मे २०१३ मध्ये आला.

ऐकताना हा मेळ विजोड वाटतो. टॉवर डिफेन्समध्ये खेळाडू पटाकडे वरून पाहतो, शांतपणे सोंगट्या मांडतो आणि मग बहुतेक वेळ हाताची घडी घालून बसतो. शूटरमध्ये अशी उसंत मिळत नाही. सँक्टममध्ये ज्याने व्यूह रचला त्यालाच बंदूक घेऊन त्या व्यूहात उतरावे लागते. कागदावर चोख दिसणारी रचना प्रत्यक्ष त्या बोळांतून धावताना कशी गैरसोयीची निघते, हे त्याला स्वतःच्याच पायांनी कळते.

पार्श्वभूमी

टॉवर डिफेन्सची मुळे आर्केडपर्यंत, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांपर्यंत, जातात. अटारी गेम्सच्या १९९० मधील रॅम्पार्टमध्ये तटबंदी बांधणे, तोफा ठेवणे आणि लढणे अशा पाळ्या आलटून पालटून येत. आजचे रूप मात्र घडले ते खेळाडूंच्याच हातून. स्टारक्राफ्ट (१९९८) आणि वॉरक्राफ्ट ३ (२००२) या खेळांबरोबर नकाशे बनवण्याची साधनेही मिळत. ती वापरून हौशी मंडळींनी ‘टीडी’ (टॉवर डिफेन्सचे लघुरूप) या नावाने ओळखले जाणारे असंख्य नकाशे तयार केले. २००७ मध्ये डेस्कटॉप टॉवर डिफेन्ससारखे फ्लॅश खेळ ब्राउझरमध्ये आले आणि हा प्रकार कचेऱ्यांत, महाविद्यालयांत, जिथे संगणक तिथे पोहोचला.

या खेळांत दोन घराणी दिसतात. एकात शत्रूची वाट आधीच आखलेली असते आणि खेळाडू तिच्या कडेला टॉवर ठेवतो. दुसऱ्यात मैदान मोकळे असते. तिथे टॉवर हीच भिंत, आणि भिंतींतून वाट कशी वळवायची हे खेळाडू ठरवतो. डेस्कटॉप टॉवर डिफेन्स दुसऱ्या घराण्यातला, आणि सँक्टमही. माझ्या मते दुसरे घराणे अधिक कसाचे आहे. पहिल्यात खेळाडू रस्त्याचा पहारेकरी असतो, दुसऱ्यात तो रस्ता बांधणारा होतो.

सँक्टमची सुरुवातही हौशी कामातूनच झाली. स्वीडनमधील शोव्दे या शहरातील विद्यापीठात गेम बनवण्याचे शिक्षण दिले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांनी अनरियल टूर्नामेंट ३ या शूटरवर आधारित एक मॉड, म्हणजे मूळ खेळात फेरफार करून केलेला खेळ, बनवला आणि त्या शूटरच्या निर्मात्या एपिक गेम्सच्या ‘मेक समथिंग अनरियल’ स्पर्धेत उतरवला. मॉडमधून स्वतंत्र व्यावसायिक खेळ निघणे तेव्हा नवे नव्हते. रेड ऑर्केस्ट्रा आणि किलिंग फ्लोर यांनी तीच वाट धरली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये एपिकने आपल्या अनरियल इंजिन ३ चा, म्हणजे खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा, संच ‘यूडीके’ या नावाने फुकट खुला केला आणि लहान चमूंसाठी दारे उघडली. २०१० मध्ये विद्यार्थ्यांची कॉफी स्टेन ही कंपनी स्थापन झाली. आयफोनसाठीचा आय लव्ह स्ट्रॉबेरीज हा छोटा खेळ काढून झाल्यावर त्यांनी सँक्टम पूर्ण केला.

खेळाचे स्वरूप

कथानक नावापुरतेच आहे. एलिसिऑन वन या भविष्यातील शहरावर ल्यूम नावाचे जीव लाटांमागून लाटा घेऊन चाल करतात. स्काय ही सैनिक स्त्री म्हणजे खेळाडू. नकाशाच्या एका टोकाला ल्यूम अवतरतात, दुसऱ्या टोकाला शहराचा ‘कोअर’, म्हणजे जपायचा गाभा, असतो. ल्यूम कोअरपर्यंत पोहोचला की कोअरचे बळ घटते; ते संपले की डाव संपला. निळसर-पांढऱ्या, गुळगुळीत वास्तूंचे हे शहर दिसायला देखणे आहे. ल्यूम मात्र गुबगुबीत आणि किंचित विनोदी आहेत, त्यामुळे सगळ्या संहारावर खेळण्यांच्या दुकानाची छटा राहते.

प्रत्येक फेरीचे दोन भाग असतात. आधी बांधणी. मिळालेल्या साधनांतून खेळाडू मैदानावरच्या चौकटींत ठोकळे मांडतो आणि ठोकळ्यांवर टॉवर चढवतो. नुसता ठोकळा स्वस्त असतो. तो गोळ्या झाडत नाही, पण वाट अडवतो, आणि चढून उभे राहायला ओटा म्हणूनही उपयोगी पडतो. तीच साधने टॉवरचा दर्जा वाढवायला लागतात आणि स्वतःच्या बंदुकांचाही. खरी कोंडी इथे होते. बंदूक सुधारली तर ती जिथे आपण तिथे. टॉवर सुधारला तर तो एकाच जागी, पण आपण दुसरीकडे असतानाही काम करणारा.

बांधणी आटोपून खेळाडूने इशारा दिला की लाट सुटते आणि खेळ एकदम शूटर होतो. सोबत तीन शस्त्रे नेता येतात. असॉल्ट रायफल आणि स्नायपर रायफल नेहमीच्याच. वेगळी आहे ती शत्रूचा वेग मंदावणारी फ्रीझ गन. टॉवरांत झपाट्याने गोळ्या झाडणारा गॅटलिंग, विजेचा टॉवर, हवेतल्या शत्रूंसाठीचा अँटी-एअर असे प्रकार आहेत. शिवाय टेलिव्हेटर नावाचे टॉवर असतात. ते कोणाला मारत नाहीत. एका टेलिव्हेटरवरून दुसऱ्यावर खेळाडू क्षणात पोहोचतो. मोठ्या नकाशावर दोन दिशांनी शत्रू येऊ लागले की हा नुसता दळणवळणाचा टॉवर साऱ्या तोफांहून मोलाचा ठरतो. नवखे खेळाडू त्यावर खर्च करायला कचरतात आणि मग डाव हरताना कोअरच्या दिशेने धापा टाकत पळत असतात.

वाटेचे गणित

एखादा टॉवर दर सेकंदाला ठरावीक इजा करतो असे धरले, तर शत्रूला त्याच्याकडून होणारी एकूण इजा म्हणजे ती इजा गुणिले माऱ्याच्या टप्प्यात घालवलेले सेकंद. टॉवरची शक्ती दुप्पट करणे आणि शत्रूचा टप्प्यातला मुक्काम दुप्पट करणे यांचा परिणाम सारखाच. शक्ती वाढवायला महागडी साधने लागतात. मुक्काम मात्र चार स्वस्त ठोकळ्यांनीही वाढतो. वाट सरळ असेल तर शत्रू टॉवरजवळून एकदाच जातो. तीच वाट नागमोडी करून टॉवरच्या दोन्ही अंगांनी नेली, तर एकच टॉवर त्याला जाताना झोडपतो आणि येतानाही. वर वेग निम्मा करणारे साधन जोडले की मुक्काम पुन्हा दुप्पट. हे परिणाम एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. म्हणूनच भक्कम चक्रव्यूहातले मोजके टॉवर सरळ रस्त्यावरच्या टॉवरांच्या रांगेला भारी पडतात.

शत्रू वाट कशी शोधतो? अशा खेळांत साधारणतः कमीत कमी अंतराचा मार्ग काढणारी पद्धत वापरतात. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ए-स्टार. ती १९६८ मध्ये स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी मांडली. शेकी नावाच्या फिरत्या यंत्रमानवाने खोल्यांतून रस्ता काढावा, यासाठीच्या संशोधनातून ती निघाली. शत्रू शहाणा नसतो. तो फक्त जवळची वाट धरतो. त्यामुळे खेळाडूची सगळी कारागिरी एका गोष्टीत येते: जवळची वाटच लांबची करायची. एक फट चुकून उघडी राहिली तर अख्खी लाट तिथून कोअरवर जाते आणि वीस मिनिटांची बांधणी नुसती शोभेची उरते.

पण वाट पूर्ण बंद करता येत नाही. शेवटचा ठोकळा मांडून कोअर कोंडून घेऊ पाहिले तर खेळ तो ठोकळा स्वीकारतच नाही. मोकळ्या मैदानाच्या बहुतेक टॉवर डिफेन्समध्ये हा नियम असतो आणि तो नसता तर खेळ पहिल्याच फेरीत संपला असता. चालू लढाईत भिंत पाडून-बांधून शत्रूला मागेपुढे नाचवत ठेवण्याची जी लबाडी काही खेळांत चालते, तिलाही सँक्टममध्ये वाव नाही, कारण वाटेची बांधणी शत्रू निघण्यापूर्वीच झालेली असते.

बंदूक कशासाठी

टॉवरच सगळे मारणार असतील तर नेमबाजीची गरज काय, हा प्रश्न रचनाकारांपुढे होताच. त्याचे उत्तर ल्यूमच्या अंगकाठीत आहे. काहींचा ठरावीक भागच नाजूक असतो. बॉबलहेड नावाच्या ल्यूमचे डोके अवाढव्य असते आणि नेम तिथेच धरावा लागतो. टॉवरला असे नेमके मारणे जमत नाही, माणसाला जमते. काही शत्रू पाठीकडून दुबळे असतात, म्हणून त्यांना पुढे जाऊ देऊन मागून गाठावे लागते, आणि इथे चक्रव्यूह पुन्हा कामी येतो: वाट वळवली की शत्रू वळतो आणि एकाच जागी उभ्या असलेल्या खेळाडूकडे कधी ना कधी पाठ करतो. उडणाऱ्या शत्रूंना भिंतींचे काही देणेघेणे नसते. नागमोडी वाटेवर सारी पुंजी उधळलेल्या खेळाडूची मस्ती तेच उतरवतात.

पहिल्या भागात ल्यूम खेळाडूला फारसे विचारतच नाहीत; त्यांचे लक्ष कोअरवर. खेळाडूचा जीव धोक्यात नसल्यामुळे नेमबाजीत थरार कमी पडतो, अशी तक्रार झाली. ती खरी आहे. तरी तिची दुसरी बाजूही पाहावी: स्वतःच्या जिवाची काळजी नसलेला खेळाडू सगळे लक्ष रचनेवर देऊ शकतो, आणि पहिला सँक्टम मुळात रचनेचाच खेळ आहे. सुरुवातीला नकाशे थोडे होते, ही तक्रार मात्र बिनतोड. पुढे नवे नकाशे, शस्त्रे आणि टॉवर हप्त्याहप्त्याने आले, काही फुकट, काही विकत. मित्रांबरोबर मिळून खेळण्याची, म्हणजे को-ऑपची सोय पहिल्यापासून आहे.

सँक्टम २

१५ मे २०१३ रोजी विंडोज आणि एक्सबॉक्स ३६० साठी आलेल्या दुसऱ्या भागाने तराजू शूटरकडे झुकवला. स्कायच्या जोडीला तिची बहीण स्वीट, शॉटगनवाला हेगन हॉकिन्स आणि सिमो हा स्नायपर यंत्रमानव अशी चार पात्रे आली. ल्यूम आता खेळाडूवर उलटून हल्ला करतात, खेळाडू पडतो आणि थोड्या वेळाने परत येतो. बंदुका सुधारण्याऐवजी डावापूर्वीच शस्त्रे, टॉवर आणि पर्क, म्हणजे खास क्षमता, निवडून न्यावे लागतात. कथा कॉमिकच्या चौकटींतून सांगितली जाते.

साधनांची वाटणीही बदलली. फेरी संपली की साधने कोअरजवळ पडतात आणि चौघांपैकी जो उचलेल त्याची होतात. समजूतदार मंडळींत ही वाटणी बोलण्याबोलण्यात होते. अनोळखी खेळाडूंबरोबर एखादा सगळे गोळा करून मनाला येईल तिथे ठोकळे मांडतो आणि बाकीचे तिघे हताशपणे पाहत राहतात. टॉवरच्या संख्येवर घातलेली मर्यादा अनेक जुन्या खेळाडूंना रुचली नाही. पहिल्या भागात डावाच्या अखेरीस मैदान टॉवरांनी गजबजून जाई; दुसऱ्यात मोजक्या टॉवरांत भागवावे लागते. नेमबाजी मात्र निःसंशय सुधारली, शस्त्रांचा धक्का आणि वजन जाणवू लागले.

समकालीन आणि नंतरचे

हा मेळ एकट्या सँक्टमला सुचला नव्हता. मंडे नाइट कॉम्बॅट (२०१०) मध्ये दोन संघांच्या चकमकीत टॉवर होते. २०११ हे तर या प्रकाराचे सुगीचे वर्ष. डबल फाइनचा ट्रेंच्ड जूनमध्ये आला. यंत्रकवचात बसून लढण्याच्या या खेळाचे नाव ट्रेडमार्कच्या वादामुळे पुढे आयर्न ब्रिगेड झाले. ऑक्टोबरमध्ये ऑर्क्स मस्ट डाय आणि डंजन डिफेंडर्स आले, पण त्यांचे जग जादू आणि राक्षसांचे. त्याच एप्रिलमध्ये पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजने अनोमली: वॉरझोन अर्थ काढून सगळा प्रकारच उलटा केला: टॉवर शत्रूचे, आणि त्यांच्यामधून ताफा नेणारे आपण. पोलंडच्याच एक्झॉर स्टुडिओजचे एक्स-मॉर्फ: डिफेन्स (२०१७) आणि द रिफ्टब्रेकर (२०२१) हे विज्ञानकथेच्या अंगाने याच कुळातले, पण त्यांत दृश्य वरूनच दिसते. २०१७ मध्ये फोर्टनाइट प्रथम आला तो ‘सेव्ह द वर्ल्ड’ या रूपात, म्हणजे किल्ला बांधून लाटा परतवण्याचा खेळ म्हणून. त्याच वर्षी जोडलेल्या बॅटल रॉयल, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल अशा, प्रकाराने मूळ खेळाला झाकोळून टाकले.

कॉफी स्टेनला जगभर नाव मिळवून दिले ते सँक्टमने नव्हे, २०१४ च्या गोट सिम्युलेटर या मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या विनोदी खेळाने. २०१८ मध्ये टीएचक्यू नॉर्डिक समूहाने कंपनी विकत घेतली. या समूहाचे नाव पुढे एम्ब्रेसर झाले. २०१९ पासून अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच विक्रीला, असलेला त्यांचा सॅटिसफॅक्टरी सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. परग्रहावर कारखाने उभारण्याचा हा खेळही पात्राच्या डोळ्यांतूनच खेळायचा असतो. या जातीचे कारखान्यांचे बरेच खेळ, उदाहरणार्थ फॅक्टोरिओ, वरून पाहून खेळले जातात. सॅटिसफॅक्टरीत मात्र खेळाडू आपणच टाकलेल्या पट्ट्यांखालून, आपणच गुंतवलेल्या पाइपांमधून वाट काढत फिरतो आणि कुठे काय चुकले ते शोधत बसतो.