दातातील कीड

दातात घर करून राहणारी आणि दात आतून पोखरणारी अळी, अशी लोकसमजूत. त्यावरून दात पोखरला जाण्याच्या विकारालाही हेच नाव पडले आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांत त्यास ‘कृमिदंत’ किंवा ‘कृमिदंतक’ आणि आधुनिक दंतवैद्यकात ‘दंतक्षय’ म्हणतात. अशी अळी नसते. तरीही मराठीत दात ‘किडतो’, त्याला ‘कीड लागते’. दवाखान्यात दंतवैद्यही हेच शब्द वापरतात, कारण ‘दंतक्षय’ हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडलेला नाही. हिंदी व बंगालीतील बोलीतही दातात किडाच असतो आणि कन्नडमध्ये किडक्या दाताला ‘हुळुकु हल्लु’ म्हणतात (हुळु म्हणजे अळी). गुजरातीत मात्र दाताचा ‘सडो’ होतो, म्हणजे तो नुसता सडतो. ‘कीड’ हा शब्द संस्कृत ‘कीट’पासून आला. दातावर साचून कडक होणाऱ्या थराला मराठीत ‘कीटण’ म्हणतात, त्याचा या किडीशी संबंध नाही. तो शब्द ‘किट्ट’ म्हणजे मळ, लोखंडाचा गंज, याकडे जातो.

उगम : या समजुतीचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून मेसोपोटेमियातील एका मंत्राचा उल्लेख केला जातो. अनू या देवाने आकाश निर्मिले, आकाशाने पृथ्वी, पृथ्वीने नद्या, नद्यांनी कालवे, कालव्यांनी दलदल आणि दलदलीने अळी, अशी त्याची सुरुवात आहे. अळी रडत शमश आणि एआ या देवांपुढे जाते आणि मला खायला काय देणार, असे विचारते. पिकलेले अंजीर आणि जर्दाळू (काही वाचनांनुसार सफरचंद) देऊ केल्यावर ती म्हणते, हे घेऊन मी काय करू? मला दात आणि हिरडी यांच्यामध्ये राहू दे. मी दाताचे रक्त पिईन, हिरडीची मुळे कुरतडीन. यावर एआचा हात तुझ्यावर पडो, असा शाप येतो. शेवटी हलक्या प्रतीची बिअर, तेल इत्यादींचे औषध सांगून मंत्र तीनदा म्हणण्याची सूचना आहे. मध्येच ‘खिळा रोव आणि पाय धर’ अशा अर्थाची एक ओळ येते. ती मंत्राचा भाग नसून उपचार करणाऱ्याला दिलेली सूचना असावी, आणि पाय म्हणजे दाताच्या आतली नस असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. वाचन मोहक आहे, पण एका ओळीवर इतका भार टाकणे कठीण.

या मंत्राच्या काळाबाबत बराच गोंधळ आहे. अनेक लोकप्रिय लेखनांत त्याचा काळ इ. स. पू. ५००० असा छापलेला आढळतो आणि एकावरून दुसऱ्याने तो उतरवून घेतलेला दिसतो. तो शक्य नाही, कारण मेसोपोटेमियात लेखनाची सुरुवातच सु. इ. स. पू. ३२००च्या आसपासची धरतात. पूर्ण पाठ देणारी इष्टिका (लेख कोरलेली मातीची पाटी) बरीच उत्तरकालीन, इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील आहे. ती जुन्या प्रतीवरून उतरवल्याची नोंद तिच्यावरच असल्याने मूळ पाठ इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धाइतका मागे जाऊ शकेल. त्यापलीकडे जाण्यास आधार नाही. चीनमधील शांग राजवटीच्या काळातील भविष्यास्थींवर (भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या हाडांवर) किडक्या दाताचे जे चिन्ह कोरलेले आहे, त्यात दातांशेजारी अळी काढलेली आहे. ते चिन्हही त्याच सहस्रकाच्या उत्तरार्धातले. ही समजूत एका ठिकाणाहून सर्वत्र पसरली की ठिकठिकाणी आपापली निर्माण झाली, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो.

अळीच का सुचली, याविषयी तीन तर्क आहेत. पहिला, दाताच्या आतला मऊ गर (दंतमज्जा) बाहेर ओढला तर तो गुलाबी-पांढऱ्या दोऱ्यासारखा निघतो. रूट कॅनाल करताना काटेरी सुईला गुंडाळून आलेला असा दोरा रुग्णाला दाखवला, तर ‘हीच ती कीड का?’ हा प्रश्न ठरलेला. दुसरा तर्क नारूशी साधर्म्याचा : पाण्यातून शरीरात जाणारा आणि काडीला गुंडाळून इंचाइंचाने काढावा लागणारा लांब जंत ज्या प्रदेशांत नेहमीचा होता, तेथे दातातही तसाच जंत असल्याची कल्पना येणे सोपे होते. मात्र जेथे नारू कधी नव्हता तेथेही दातातली अळी आहे, हे या तर्काला अडते. सर्वांत साधा तर्क धान्याचा व फळांचा. भोकाचा दाणा फोडला की आत पोरकिडा सापडतो, भोकाचे वांगे चिरले की अळी. मग भोकाच्या दातात आणखी काय असणार? शेतीवर जगणाऱ्या समाजांना हे अनुमान शिकवावे लागत नाही, आणि प्रस्तुत नोंदीचा कल याच बाजूला आहे.

पुरातत्त्वीय पुरावा दात किडत होते एवढेच सांगतो, लोक काय समजत होते ते नाही. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सु. ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीच्या नऊ व्यक्तींच्या ११ दाढा गारेच्या टोकाने भोक पाडलेल्या सापडल्या (२००६ मध्ये प्रसिद्ध). त्यांतल्या थोड्याच किडलेल्या होत्या, त्यामुळे भोके उपचारासाठीच पाडली असे सर्व बाबतींत म्हणता येत नाही. महाराष्ट्रात शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास झालेला आहे.

आयुर्वेदातील कृमिदंत : सुश्रुतसंहितेत (तिचा काळ इ. स. पूर्वीच्या काही शतकांपासून इ. स. चौथ्या शतकापर्यंत वेगवेगळा मानला जातो) मुखरोग ६५ सांगितले असून त्यांपैकी आठ दातांचे आहेत. कृमिदंतकाचे लक्षण असे : ‘कृष्णश्छिद्री चलः स्रावी ससंरम्भो महारुजः । अनिमित्तरुजो वाताद्विज्ञेयः कृमिदन्तकः ॥’ काळा, भोक पडलेला, हलणारा, स्रवणारा, सुजेसह तीव्र ठणका देणारा आणि कारणावाचून दुखणारा. श्लोकात लक्षणे नेमकी आहेत, पण नाव सोडले तर त्यात कृमी कोठेच नाही; कारण दिले आहे ते वाताचे. सुश्रुतापुढे प्रत्यक्ष अळी होती की त्याने लोकांतले रूढ नाव तेवढे उचलले, हा वाद येथून सुरू होतो.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (सु. सातवे शतक) कृमी स्पष्टपणे येतात, पण क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी दोषांनी दाताचा आतला भाग सुकतो, दात पोकळ होतो, पोकळीत अन्न व मळ भरतो, तो कुजतो आणि मग त्यातून सूक्ष्म कृमी जन्मतात. म्हणजे भोक आधी, कृमी नंतर. ‘सूक्ष्म’ हा शब्द धरून यात जीवाणूंचा पूर्वसंकेत पाहण्याची प्रथा आहे. कुजण्यातून कृमी आपोआप जन्मतात ही कल्पना मात्र त्या काळी शेणापासून जखमेपर्यंत सर्वत्र लागू केली जात होती, हे विसरून तसा निष्कर्ष काढू नये. उपचार सांगताना पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागावी, असे तोच ग्रंथ म्हणतो. येथे गूळ उष्णता धरून ठेवण्यापुरता असावा. आजच्या वाचकाला किडक्या दाढेत गूळ भरणे चमत्कारिक वाटले तर नवल नाही.

खंडन : यूरोपात ही समजूत अठराव्या शतकापर्यंत टिकली. दातातून धुरीने काढलेल्या म्हणून पाठवलेल्या अळ्या डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेव्हेनहूक याने १७०० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्या चीजमधल्या अळ्यांसारख्या असल्याचा निर्वाळा दिला. दातावरील मऊ थरात वळवळणारे सूक्ष्म जीव त्यानेच १६८३ मध्ये पाहिले होते, पण त्यांचा किडीशी संबंध त्याने जोडला नाही. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ मध्ये अळीचे कारण नाकारले. १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने तोंडातले जीवाणू पिठूळ व गोड अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, असे मांडले. १९२४ मध्ये क्लार्कने किडक्या दातातून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जीवाणू वेगळा केला. १९५०च्या दशकात जीवाणूरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना गोड खाऊ घालूनही त्यांचे दात किडले नाहीत, तेव्हा शंका उरली नाही.

प्रक्रिया थोडक्यात : दाताचे बाहेरचे कवच, दंतवल्क, वजनाने सु. ९६ टक्के खनिज असते. दातालगतच्या थराचा पीएच साधारण ५.५च्या खाली गेला, म्हणजे आम्लता तेवढी वाढली, की खनिज विरघळू लागते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत ही पातळी गाठली जाते आणि लाळेमुळे ती पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकदाच खाल्लेल्या मोठ्या लाडवापेक्षा दिवसभर घोट-घोट घेतलेला गोड चहा दाताला अधिक जड जातो.

कीड काढणे : महाराष्ट्रात यासाठी भुईरिंगणीच्या बिया वापरतात. तूप किंवा तेल लावलेल्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, वर करवंटी किंवा भांडे उपडे घालून त्यातून नळी काढायची आणि धूर तोंडात दुखऱ्या बाजूला घ्यायचा. लाळ गळत राहते. नंतर पाण्याच्या वाटीत बारीक, पांढरट, वाकडे कण तरंगताना दिसतात. तीच कीड म्हणून दाखवली जाते. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने हाच विधी खुरासानी ओव्याच्या बियांनी सांगितला आहे, तोही अळ्या पडण्यासह. भुईरिंगणी आणि खुरासानी ओवा दोन्ही वांग्याच्या कुळातल्या. या कुळातील बियांमध्ये अंकुर वाकडा, अळीसारखा वळलेला असतो आणि उष्णतेने बी फुटले की तो बाहेर पडतो. एकही अळी नसता सगळ्यांना अळी दिसण्याचे कारण बहुधा हेच. फसवणूक मात्र कधीच नसते असे नाही. इंग्रज वनस्पतिज्ञ जॉन जेरार्ड याने १५९७ मध्येच नोंदवले आहे की, गावोगाव फिरणारे दात काढणारे पाण्यात ल्यूट वाद्याच्या तारांचे तुकडे टाकून अळ्या म्हणून दाखवतात. आपल्याकडील फिरत्या कीड काढणाऱ्यांबाबत लेखी नोंदी तुरळक आहेत.

दवाखान्यातील समजुती : धुरीनंतर ठणका थांबला, म्हणजे कीड मेली, असे रुग्ण सांगतो. या कल्पनेने होणारे खरे नुकसान येथे आहे. ठणका आपोआप थांबतो तो बहुधा आतला गर मेल्यामुळे. त्यानंतर महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी किंवा गालावर गळू येते. अळीच्या हिशेबाने दुखणे संपले म्हणजे रोग संपला. प्रत्यक्षात सुरुवातीची कीड मुळीच दुखत नाही, आणि दुखू लागते तेव्हा ती बरीच खोल गेलेली असते. लवंगेच्या तेलाने ठणका कमी होतो हे खरे (त्यातील युजेनॉल दंतवैद्यही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात). पोकळी मात्र तशीच राहते. वेदनाशामक गोळी दाताशेजारी दाबून ठेवण्याची सवय वाईट, ॲस्पिरिनने हिरडी पांढरी होऊन भाजते.

दुधाचे दात पडणारच, मग कीड काढून भरायचे कशाला, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. दुधाच्या मागच्या दाढा नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात. त्या आधीच काढल्या तर शेजारचे दात सरकून पक्क्या दातांची जागा जाते. त्याहून मोठी चूक सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेबाबत होते. ती दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता येते, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते आणि किडू दिली जाते. ती आयुष्यभराची असते. वरचा दात काढल्यास डोळा जातो, हाही समज व्यापक आहे. वरच्या दातांची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस पूर्णपणे वेगळ्या आहेत. कीटण खरवडून काढल्यावर दात ढिले वाटतात ते खरे, पण ते आधीच ढिले होते. कीटणाने त्यांना एकत्र धरून ठेवले होते.

हिरड्यांतून रक्त येणे हा किडीचा नव्हे, बहुधा कीटण आणि सुजेचा परिणाम असतो. रक्त येते म्हणून घासणे बंद केल्यास तो वाढतो. भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावल्याने दात घट्ट होतात, असे लावणाऱ्या स्त्रिया सांगतात. सूज व रक्त दिसेनासे होते ते तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा घटल्याने. आत हाड झिजतच राहते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत दातांवर दिसणारे पिवळे-तपकिरी डाग हेही पुष्कळदा किडीचे समजले जातात. ते विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यातील जादा फ्लोराइडचे असू शकतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलीग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नसावे, अशी मर्यादा आहे. हेच फ्लोराइड टूथपेस्टमध्ये दंतवल्क बळकट करते, आणि भारतात त्याचे प्रमाण दशलक्षाला १,००० भागांपर्यंत ठेवण्याचा नियम आहे. डाग पडलेला दात आणि किडका दात यांत घरच्या घरी फरक करणे अवघड जाते. दवाखान्यात दात वाळवून, उजेड पाडून आणि गरज असल्यास एक्स-रे काढून तो कळतो.