सोफ्याच्या वर केवढं चित्र लावावं?
फ्रेम ऑर्डर करण्याआधी हे पान जरूर वाचा

दुकानात आलेले बहुतेक जण आधी चित्र पसंत करतात आणि मग भाव विचारतात. आम्ही मात्र आधी विचारतो की चित्र कुठल्या भिंतीवर लागणार आणि त्याच्या खाली काय आहे. चित्र मोठं झालं म्हणून परत येणारे आम्हाला क्वचितच भेटतात. लहान पडलं म्हणून हळहळणारे पुष्कळ. आमच्या टेबलावर 12 बाय 18 इंचांची फ्रेम भरगच्च दिसते. तीच घरी 6 फुटी सोफ्याच्या वर टांगली की पाकिटावर चिकटवलेल्या तिकिटाएवढी वाटते.

भिंत नको, सोफा मोजा

चित्राची रुंदी खालच्या फर्निचरच्या दोन तृतीयांश ते पाऊणपट असली की दोन्ही एकमेकांना शोभतात. 6 फुटी सोफा असेल तर 4 ते साडेचार फूट. क्वीन साइज पलंग 5 फूट रुंद असतो, त्याच्या डोक्याशी 40 ते 45 इंच. एवढं मोठं एकच चित्र खर्चाचं वाटत असेल तर तीन घ्या. प्रत्येकी 15 इंच रुंद आणि मधे दोन-दोन इंच मोकळे सोडले की 49 इंच भरतात, म्हणजे 4 फुटांचं काम झालं. मधलं अंतर मात्र 3 इंचांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर तिन्ही चित्रं एकमेकांशी अबोला धरल्यासारखी दिसतात.

मापाचा घोळ होतो तो इथे: चित्राचं माप वेगळं, फ्रेमचं वेगळं. 24 बाय 36 इंचांच्या प्रिंटभोवती 3 इंचांचा माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) आणि 1 इंचाची फ्रेमची पट्टी लावली की बाहेरचं माप 32 बाय 44 होतं. आमच्या दरपत्रकात चित्राचं माप असतं. भिंतीसाठी बाहेरचं माप धरा, आणि ते आमच्याकडून पावतीवर लिहूनच घ्या.

उंची

जुन्या वाड्यांत तसबिरी छताजवळ, वरून पुढे झुकवून टांगलेल्या असत. माणसं खाली सतरंजीवर बसायची. झुकवल्यामुळे तसबीर खालूनही नीट दिसे आणि काचेवर उजेड चमकत नसे. आता आपण फ्लॅटमध्ये राहतो, सोफ्यावर बसतो, पण हाताला सवय राहिली आहे ती उंच खिळा ठोकायचीच. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा. सोफ्याच्या पाठीच्या वर 6 ते 8 इंच सोडा. पाठ 34 इंच, त्यावर 8 इंच मोकळे आणि अडीच फूट उंचीचं चित्र असा हिशेब केलात तर मध्य आपोआप 57 इंचांवर येतो.

जेवणाच्या टेबलाजवळ आपण बसलेलेच असतो, तिथे चित्र थोडं खाली घ्या. पॅसेज तीन-साडेतीन फुटांचा असतो, मागे सरायला जागाच नसते. तिथे 8 बाय 10 ची चार-पाच लहान चित्रं एका ओळीत लावा, आणि पट्टी बारीक घ्या म्हणजे जाता-येता खांदा लागणार नाही. वारली चित्रातल्या बारीक रेघाही जवळूनच बघायच्या असतात. हॉलच्या 10 फुटी अंतरावरून त्या हरवतात, तिथे ठळक आकारांचं चित्र हवं.

घरच्या फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. साठीशांतीचा किंवा मुंजीचा ग्रुप फोटो बहुतेक जण 12 बाय 18 मध्ये मागतात. त्यात एका ओळीत दहा माणसं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन इंच येतात आणि चेहरा जेमतेम अर्ध्या इंचाचा. समोरच्या खुर्चीतून आजी कोणती आणि मावशी कोणती ते कळत नाही. असा फोटो निदान 24 बाय 36 मध्ये करा. त्यासाठी मूळ फाइल लागते; व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. ज्याने काढला त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आधी वर्तमानपत्र चिकटवा

हा उपाय फुकटचा आहे आणि आम्ही तो प्रत्येकाला सांगतो. फ्रेमच्या बाहेरच्या मापाएवढे पेपर जोडून कापा, कागदी टेपने भिंतीला लावा आणि दोन दिवस राहू द्या. दारातून बघा, बसून बघा, रात्री दिवे लावून बघा. मोठं वाटेल म्हणून घाबरलेल्या बऱ्याच लोकांनी दुसऱ्या दिवशी आणखी एक पान जोडल्याचं आम्हाला कळवलं आहे.

खिळ्याआधी

2 मिमी काचेचं वजन दर चौरस मीटरला 5 किलो असतं. 3 बाय 2 फुटांच्या फ्रेमची नुसती काच पावणेतीन किलोंच्या पुढे जाते, लाकूड आणि मागची पाटी वेगळी. एवढ्याला ड्रिल करून गिट्टी (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू हवा. दोन हूक असतील तर फ्रेम तिरकीही होत नाही. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात साधी गिट्टी सैल होते, तेव्हा भिंत कशाची आहे ते आम्हाला आधी सांगा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदावरचं चित्र लावायचा आग्रह धरलात तर आम्ही नकोच म्हणू. माउंटवर बुरशीचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

येताना भिंतीचा समोरून काढलेला एक फोटो, सोफ्याची किंवा पलंगाची रुंदी आणि पाठीची उंची एवढं घेऊन या. चित्र अजून ठरलं नसलं तरी चालेल.