फेनिटॉइन: ‘तीच’ शंभराची गोळी

आकडीसाठी फेनिटॉइन चालू असलेल्या घरात एक प्रसंग कधी ना कधी येतोच. नेहमीची स्ट्रिप संपलेली असते, दुकानदार दुसऱ्या कंपनीची पुढे सरकवतो आणि म्हणतो, “घ्या, औषध तेच आहे, शंभरचंच.” या ‘तेच’मागे बराच इतिहास आहे.

हा रेणू जर्मनीत 1908 साली तयार झाला आणि तीस वर्षं तसाच पडून राहिला. 1938 मध्ये बोस्टनमधल्या दोन डॉक्टरांनी आधी मांजरांवर आणि मग रुग्णांवर त्याचा गुण दाखवून दिला. तोवर ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटोनवर भिस्त होती आणि रुग्ण दिवसभर गुंगीत असे. झोप न आणता फिट आवरते म्हटल्यावर फेनिटॉइन जगभर पोचलं.

मात्रेचा खरा धडा मिळाला तो ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये, 1968-69 च्या सुमारास. वर्षानुवर्षं ठरलेल्या मात्रेवर बरी असलेली माणसं एकाएकी झोकांड्या खाऊ लागली. भिंत धरून चालायचं, जीभ जड, आणि बाजूला नेलेल्या बोटाकडे बघताना बुबुळं थरथरायची. गोळ्या कुणी जास्त घेतल्या नव्हत्या. रक्तातली पातळी मात्र भलतीच चढलेली. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते कॅप्सूलमधल्या भरावात. उत्पादकानं कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज वापरायला सुरुवात केली होती. कॅल्शियम सल्फेट औषधाचा काही भाग आतड्यात अडवून ठेवत असे. तो अडसर निघाला आणि सगळं औषध रक्तात उतरू लागलं. म्हणजे आधी त्या रुग्णांना पुरते शंभर मिलिग्रॅम मिळतच नव्हते. वेष्टनावरचा आकडा दोन्ही वेळा खरा होता, ही यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट.

दुसऱ्या एखाद्या औषधात एवढा फरक खपून गेला असता. फेनिटॉइनचं तसं नाही. त्याची विल्हेवाट लावणारी यकृतातली यंत्रणा नेहमीच्या मात्रेतच जवळजवळ पूर्ण क्षमतेनं राबत असते. तिची मर्यादा आली की वरचं औषध साठत जातं. रोजचे 300 मिलिग्रॅम 400 केले तर मात्रा एक तृतीयांशानं वाढते, पण रक्तातली पातळी दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकते. म्हणून अनुभवी डॉक्टर वरच्या टप्प्यावर 25-30 मिलिग्रॅमच्याच पावलानं चढतात. क्षयरोगाचं आयसोनियाझिड सुरू झालं की यकृतातलं हे काम आणखी मंदावतं. आपल्याकडे ही जोडी दुर्मीळ नाही.

‘शंभर’ या शब्दातही गुंता आहे. गोळी-कॅप्सूलमध्ये बहुधा फेनिटॉइन सोडियम असतं. त्याच्या 100 मिलिग्रॅममध्ये फेनिटॉइन भरतं 92. पातळ औषधात साधं फेनिटॉइन असतं, आणि ते तळाशी बसतं. बाटली नीट न हलवता मुलाला दिली तर सुरुवातीचे चमचे फिके जातात आणि शेवटचे फार कडक.

पुढे रक्तातल्या पातळीसाठी प्रति मिलिलिटर 10 ते 20 मायक्रोग्रॅम हा पट्टा रूढ झाला. तो उपयोगी आहे, पण त्याला लक्ष्मणरेषा मानणं मला चुकीचं वाटतं. सुमारे 90 टक्के औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं, काम करतं ते उरलेलं मोकळं. अल्ब्युमिन हे त्यातलं मुख्य प्रथिन घसरलेल्या आजारी माणसाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो आणि तो तोल जाऊन पडतो.

भारतात हा विषय पुन्हा वर आला तो ऑगस्ट 2023 मध्ये. डॉक्टरांनी जेनेरिक नावानंच औषध लिहावं असा नियम निघाला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. वाद रंगला तो दर्जा आणि कंपन्यांच्या हितसंबंधांवर. मात्रा आणि विषबाधा यांत थोडंच अंतर असलेल्या औषधांना त्याच नियमावलीत सवलत ठेवली होती, त्याची चर्चा फारशी झाली नाही. माझ्या मते ती सवलत अगदी रास्त होती. जेनेरिक गोळी वाईट असते असा याचा अर्थ नव्हे; कोणतीही एक धरावी, तिच्यावर मात्रा बसवावी आणि दर महिन्याला बदलू नये, एवढंच. बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवून दोन-तीन आठवड्यांनी, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्तातली पातळी बघून घेतात. मधल्या दिवसांत घरच्यांनी चालीकडे आणि डोळ्यांकडे लक्ष ठेवायचं असतं. त्रास दिसला म्हणून गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. तसं केलं तर न थांबणारी आकडी येऊ शकते.