फ्री-टू-एअर आणि फ्री-टू-व्ह्यू: मॅच फुकट, पण कोणाला?

फुटबॉलचा विश्वचषक किंवा युरो (युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा) तोंडावर आला की अमुक देशातल्या अमुक चॅनलवर मॅच फुकट दिसणार, असे मेसेज फिरू लागतात. बातमी सहसा खरी असते. तरीही डिशची छत्री नीट लावलेली, चॅनल यादीत सापडलेलं, सिग्नलची पट्टी भरलेली आणि पडदा मात्र काळा, असा अनुभव अनेकांना येतो. फुकट दिसणारे चॅनल दोन जातींचे असतात आणि मेसेज पाठवणाऱ्याने त्यांत फरक केलेला नसतो.

फ्री-टू-एअर चॅनलचा सिग्नल उघडा असतो. तो ज्या भागात पोहोचतो तिथे अँटेना किंवा छत्री आणि साधा रिसीव्हर एवढं पुरतं. कार्ड नाही, नोंदणी नाही, तुम्ही कोण आणि कुठले हे विचारणारंही कोणी नाही. फ्री-टू-व्ह्यू चॅनलला महिन्याची वर्गणी नसते, पण सिग्नल एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद असतो. तो उघडायला चॅनलवाल्यांनी मान्य केलेलं कार्ड लागतं, आणि ते कार्ड साधारणपणे त्या देशात राहणाऱ्यालाच मिळतं. थोडक्यात, पैशांच्या बाबतीत दोन्ही सारखेच, फरक कुलपाचा.

गोंधळात भर घालतो तो रिसीव्हर. अनेक स्वस्त सॅटेलाइट बॉक्स एन्क्रिप्टेड चॅनलच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह दाखवतात. बॉक्सला वर्गणी वगैरे कळत नाही, सिग्नलला कुलूप आहे एवढंच कळतं. त्यामुळे महागड्या पॅकेजमधल्या क्रीडा चॅनलपुढे जो डॉलर, तोच एखाद्या सरकारी फ्री-टू-व्ह्यू चॅनलपुढे. उलट स्कॅन करताना ‘फक्त एफटीए’ (म्हणजे फ्री-टू-एअर) हा पर्याय निवडला, तर असे चॅनल यादीत येतच नाहीत आणि माणूस छत्रीची दिशा तपासत बसतो.

मग फुकटच दाखवायचं तर कुलूप कशाला? कारण प्रक्षेपणाचे हक्क देशवार विकले जातात आणि उपग्रहाला सीमारेषा कळत नाहीत. ऑस्ट्रियाची सार्वजनिक प्रसारण संस्था ओआरएफ आपल्या छोट्या देशापुरते हक्क घेते. पण तिचा सिग्नल शेजारच्या जर्मनीतही पडतो, भाषा तीच, आणि तिथले हक्क दुसऱ्याच कोणीतरी वेगळी रक्कम मोजून घेतलेले असतात. म्हणून उपग्रहावर ओआरएफला कुलूप आणि ऑस्ट्रियातल्या लोकांना कार्ड. स्वित्झर्लंडच्या एसआरजी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचंही तसंच. त्यांनी तर 2019 मध्ये जमिनीवरच्या टॉवरवरून होणारं प्रक्षेपणही बंद केलं, त्यामुळे घरच्या अँटेनावर पकडण्याची वाटही उरली नाही. गंमत म्हणजे जर्मनीचे एआरडी आणि झेडडीएफ हे सार्वजनिक चॅनल त्याच आकाशात उघडे आहेत आणि व्हिएन्नात किंवा झुरिकमध्ये कोणीही ते बघू शकतो. शेजारच्या लहान बाजारात थोडं सांडलं तर चालतं, मोठ्या बाजारात सांडलेलं चालत नाही. मला हा हिशेब तांत्रिक कमी आणि व्यापारी जास्त वाटतो.

बीबीसीने यातून तिसरी वाट काढली. उपग्रहावरच्या तिच्या चॅनललाही आधी कुलूप होतं. 2003 मध्ये तिने ते काढलं आणि चॅनल अ‍ॅस्ट्रा 2डी या उपग्रहावर हलवले. या उपग्रहाचा झोत ब्रिटन आणि आसपासच्या पट्ट्यावरच एकवटलेला होता. जसजसं दूर जावं तशी छत्री मोठी लागत जाई, आणि पुढे छत्रीचाही उपयोग होत नसे. कार्डाचं काम भूगोलानेच केलं.

या दोन जातींच्या मधला एक प्रकार सगळ्यात जास्त फसवतो. काही देशांची राष्ट्रीय चॅनल एरवी वर्षभर उपग्रहावर उघडी असतात. बातम्या दिसतात, मालिका दिसतात. मॅच सुरू व्हायच्या बेतात सिग्नलवर बिस नावाचं एन्क्रिप्शन चढतं आणि शेवटच्या शिट्टीनंतर उतरतं. आदल्या रात्री चॅनल तपासून निश्चिंत झोपलेला प्रेक्षक नेमका इथे अडकतो.

‘कायद्याने मॅच फुकट दाखवणं बंधनकारक आहे’ हे वाक्यही अर्धवट समजून घेतलं जातं. युरोपीय संघात प्रत्येक देश महत्त्वाच्या स्पर्धांची यादी करू शकतो आणि त्या स्पर्धा फक्त वर्गणीच्या चॅनलवर कोंडता येत नाहीत. ब्रिटन आणि बेल्जियमने अख्खा विश्वचषक यादीत घातला, ब्रिटनने युरोही घातला, तेव्हा फिफा आणि युएफा कोर्टात गेले. 2013 मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांची अपिलं फेटाळली. पण हे कायदे बघतात ते जादा पैसे पडतात का आणि देशातल्या पुरेशा लोकांपर्यंत चॅनल पोहोचतं का एवढंच. सिग्नल उघडा असावा, परदेशातल्यालाही दिसावा, अशी त्यांची अट नाही. शिवाय सगळीकडे सगळ्याच मॅच यादीत नसतात. जर्मनीत सलामीची मॅच, उपांत्य फेरी, अंतिम सामना आणि जर्मन संघाच्या मॅच एवढंच सक्तीचं आहे. 2022 च्या विश्वचषकात 64 पैकी 48 मॅच एआरडी-झेडडीएफवर झाल्या, बाकीच्या फक्त मॅजेंटा टीव्हीच्या वर्गणीदारांना दिसल्या. (आणि ‘फुकट’ म्हणायचं, तर ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन्स आणि जर्मनीत घरटी प्रसारण शुल्क भरावंच लागतं. ते सगळ्यांनाच भरायचं असतं, म्हणून मोजलं जात नाही इतकंच.)

भारतात कुलपाऐवजी वाटेचा प्रश्न आहे. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचा सिग्नल खाजगी हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावा लागतो. मात्र तो सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या टॉवरवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरूनच दाखवायचा, खाजगी केबल आणि डीटीएचवाल्यांमार्फत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे दूरदर्शनचं तेच चॅनल फ्री डिशवर मॅच दाखवतं आणि त्याच वेळी केबलवर दुसराच कार्यक्रम चालू असू शकतो.

मोबाइलवरचं मोफत स्ट्रीमिंग सरळ फ्री-टू-व्ह्यूच्या जातीचं आहे. पैसे नाहीत, पण लॉगिन आहे आणि तुम्ही कोणत्या देशातून जोडले आहात यावर नजर आहे. कार्डाची जागा आयपी अ‍ॅड्रेसने घेतली. चित्रही अँटेनापेक्षा सहसा मागून येतं, त्यामुळे शेजारी आधी ओरडतो.

छत्री किंवा बॉक्स घ्यायच्या आधी तपासायचं असेल, तर बातम्यांच्या वेळी चॅनल दिसतं का हे बघण्यात अर्थ नाही. त्या चॅनलवर एखादी हक्कांची मॅच लाइव्ह असताना बघावं, एखादी आंतरराष्ट्रीय मॅच असली तर उत्तमच. डॉलरचं चिन्ह तेव्हा उमटलं तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: याचं कार्ड माझ्या पत्त्यावर मिळतं का? ‘सॉफ्टवेअर टाकून देतो’ असं उत्तर आलं तर तो चोरून उघडलेला सिग्नल समजावा. किल्ली बदलली की असा बॉक्स बंद पडतो, आणि ती ऐन स्पर्धेतच बदलली तर कुठे दाद मागायची सोय नाही.