एक्झॉस्टचा मार्गबदल (मोटारगाडी)

इंजिनातील जळका वायू बाहेर सोडण्यासाठी कारखान्याने ठरवून दिलेली वाट बदलून तो वेगळ्या लांबीच्या, वेगळ्या व्यासाच्या किंवा वेगळ्या बाजूने निघणाऱ्या नळीतून नेणे, याला एक्झॉस्टचा मार्गबदल म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील गॅरेजांत हे सारे सरसकट सायलेन्सरच्या कामात मोडते. गाडीचा पिकअप वाढावा आणि ती मागून भारदस्त दिसावी, हे दोन हेतू गिऱ्हाइकाच्या मनात बहुधा एकत्रच असतात. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या गरजा वेगळ्या असून पुष्कळदा त्या एकमेकींच्या आड येतात.

मूळ रचनेत वायू मॅनिफोल्डमधून (सर्व सिलिंडरांचा वायू एकत्र करणाऱ्या नळ्यांतून) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या विषारी वायू कमी घातक करणाऱ्या भागात, तेथून आवाज कमी करणाऱ्या रेझोनेटर व मफलर या डब्यांमध्ये आणि शेवटी मागच्या बंपरखालच्या टोकातून बाहेर जातो. वाटेत नळीला इंधनाची टाकी, मागचा ॲक्सल आणि स्टेपनीची जागा चुकवावी लागते, म्हणून तिला वळसे पडतात. आवाज, खर्च, इंधनाची बचत आणि धुराची मर्यादा या सर्वांचा मेळ घालून ही वाट आखलेली असते.

प्रत्येक सिलिंडरमधून वायू सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने सुटतो. एका ठोक्यामागे नळीत निर्माण होणारा कमी दाब पुढच्या सिलिंडरमधील वायू ओढून घेण्यास मदत करतो; पण ही ओढ नळीची लांबी व व्यास यांनुसार इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या ठरावीक फेऱ्यांनाच नीट साधते. त्यामुळे नळी जितकी रुंद तितकी ताकद अधिक, हा सर्वत्र ऐकू येणारा समज चुकीचा आहे. १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला अडीच इंची नळी जोडली, की वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरचा जोर घटतो. धुळे–जळगाव सपाट महामार्गावर हे फारसे जाणवत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट किंवा शहाद्याकडून तोरणमाळची चढण भरल्या गाडीने चढताना मात्र एरवी तिसऱ्या गिअरवर निघणारी गाडी दुसऱ्यावर आणावी लागू शकते. टर्बो, म्हणजे जळक्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असलेल्या इंजिनांचे गणित वेगळे आहे. तेथे टर्बोनंतरचा अडथळा कमी केल्याचा खरा लाभ होतो, तरी इंजिनाच्या संगणकीय नियंत्रणात जुळवणी केल्याशिवाय तो पुरता पदरात पडत नाही.

कामाचा कस वळणांवर लागतो. नळी नुसती दाबून वाकवली तर वळणाच्या आतल्या बाजूस ती चेपते आणि वाढवलेला व्यास नेमका तेथेच वाया जातो. आत आधार सरकवून वाकवलेल्या नळीचा छेद गोलच राहतो. तसे यंत्र नसेल तेथे तयार बेंड आणून किंवा नळीच्या तिरप्या फाका कापून त्या वेल्डिंगने जोडतात. दुसरी कसोटी उष्णतेची. स्टेनलेस स्टीलची दोन मीटर लांबीची नळी ४०० अंशांनी तापली की सुमारे १३ ते १४ मिलिमीटरने लांबते, आणि ही वाढ सामावून घेण्यासाठीच ती रबरी हँगरवर टांगलेली असते. नवी नळी चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट वेल्ड करणारा मिस्त्री गाडीचा खडखडाट त्या दिवसापुरता थांबवतो. पुढे सांधा तडकतो. तडा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (वायूतला ऑक्सिजन मोजून इंधनाचे प्रमाण ठरवण्यास मदत करणाऱ्या भागाच्या) अलीकडे गेला, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर चुकीची नोंद देतो, इंजिन जास्त इंधन घेऊ लागते आणि ॲव्हरेज घसरते.

दिसण्यासाठी दोन्ही बाजूंना टोके काढणे किंवा दाराखालून बाजूला टोक काढणे हे प्रकार रूढ आहेत. १९६५ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटवर बाजूच्या नळ्या कारखान्यातूनच मिळत असत. परंतु दाराखालचे टोक गतिरोधकांवर घासते, पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यात लवकर बुडते आणि उभ्या गाडीच्या उघड्या खिडकीतून रंग-वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड आत येण्याची वाट मोकळी करते. हा शेवटचा धोका जिवावर बेतणारा आहे. खानदेशात याला आणखी एका गोष्टीची जोड आहे. फेब्रुवारीनंतर शेताच्या बांधावर वाळक्या पऱ्हाट्या, गवत आणि केळीची पाने पसरलेली असतात; मार्ग बदलताना उष्णतारोधक पत्रा काढून टाकलेली, खाली लोंबणारी तापलेली नळी त्यांना टेकली, तर पेट घेण्यास वेळ लागत नाही. पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या दिवसांत इंधनाची टाकी आणि नळी यांच्यामध्ये मोकळी हवा व ॲल्युमिनियमचा पत्रा असलाच पाहिजे.

कन्व्हर्टर काढून टाकणे किंवा मागे सरकवणे ही या कामातील सर्वांत वाईट पळवाट होय. सुमारे २५० ते ३०० अंश तापल्यावरच तो काम करू लागतो, म्हणून अलीकडच्या गाड्यांत तो इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धुराच्या भारतीय मानकाच्या गाड्यांत तो हलवल्यास सहसा डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो.

मफलर काढल्यावर येणारी घुमघुम हा निराळा दोष आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असता सेकंदाला १०० ठोके सुटतात, आणि हा खर्जातला आवाज बंद काचांच्या केबिनमध्ये साठून लांबच्या प्रवासात डोके उठवतो. मुख्य नळीला योग्य लांबीची, एका टोकाला बंद असलेली उपनळी जोडून तो बराच कमी करता येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास मर्यादा आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच अर्थ लावला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११२ प्रमाणे सामान्यतः वायू खालच्या दिशेने किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही. डावीकडे पादचारी असतात, हे लक्षात घेता ही अट रास्तच आहे. आवाज व धुराच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) अन्वये पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कन्व्हर्टर व मूळ मफलर जागेवर ठेवून केवळ शेवटच्या टोकाला स्टेनलेसचे आवरण बसवणे हा दिसण्यापुरता सर्वांत निर्धोक बदल ठरतो.